साखरेऐवजी काय आणि किती? गूळ, खजूर, केळी, मोह: पदार्थागणिक हिशोब

तापीकाठ

राम राम मंडळी.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली की किराण्याच्या यादीत साखर खोडायची, तिथे गूळ लिहायचा आणि आरोग्याचं काम झालं असं धरायचं, ही चाल आता घरोघर दिसते. साखर खोडणं चांगलंच. पण तिच्या जागी काय, किती आणि कोणत्या पदार्थात, हे ठरवलं नाही तर पुरण सैल पडतं, खीर फाटते, आणि पोटात जाणारी साखर होती तेवढीच राहते. ज्याला जे नेमकं माहीत आहे त्याने ते मापासकट इथे लिहावं.

आधी हिशोब. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी की मोकळी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, ५ टक्क्यांखाली आणता आली तर आणखी बरं. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. मोकळी साखर म्हणजे वरून घातलेली साखर, गूळ, काकवी, मध, पाक आणि फळांचा रस. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर यात धरत नाहीत.

आता आपला चहा बघा. सपाट चमचा ५ ग्रॅमचा धरला तर कपात दोन चमचे आणि दिवसात चार कप म्हणजे ४० ग्रॅम. सणाचा गोड पदार्थ अजून ताटात आलेलाच नाही. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या जवळपास कॅलरी, तेवढ्याच गुळात ३८० च्या आसपास. दोन्हींत फरक एवढाच. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी माप कमी करायचं, मग जिथे फळ अख्खं वापरता येईल तिथे फळ, आणि जिथे पाकच लागतो तिथे थोडा आणि चांगला गूळ.

नवी_चूल

दोन शंका. गुळात लोह असतं म्हणून तो खावा असं सगळे सांगतात, ते कितपत खरं? आणि मधुमेह असलेल्या माणसाला साखरेचा चहा बंद करून गुळाचा दिला तर चालतो का?

आहार_धुळे

दुसऱ्या शंकेचं उत्तर आधी, कारण तिथे चूक झाली तर महाग पडते. नाही चालत. गुळाचा बहुतेक भाग सुक्रोजच, म्हणजे आपली नेहमीची साखरच असतो, सोबत थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. रक्तातली साखर गुळाने साखरेसारखीच चढते. खडीसाखर ही साखरच, ब्राऊन शुगर म्हणजे मळीचा रंग दिलेली साखर, आणि मधातही पाऊण भागाहून जास्त साखरच असते. मधुमेहाच्या माणसाला गुळाचा चहा दिला की घरच्यांना वाटतं आपण काळजी घेतोय, आणि तो माणूस दोन कप जास्त पितो. त्याला बिनसाखरेचा चहा किंवा ताक द्यावं. औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर गोडाचं माप डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

लोहाचं असं आहे. १० ग्रॅम गुळाच्या खड्यातून अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळतं, तेही गूळ कसा आणि कशात आटवला यावर कमीजास्त होतं. प्रौढ बाईची दिवसाची गरज आयसीएमआरच्या २०२० च्या तक्त्यात २९ मिलिग्रॅम दिली आहे. ती गुळाने भरायची म्हटली तर अर्धा किलोच्या वर गूळ खावा लागेल. लोहासाठी बाजरीची भाकरी, तीळ, कडधान्यं आणि पालेभाज्या आहेत. त्यावर लिंबू पिळा म्हणजे अंगी जास्त लागतं, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो लोह शोषू देत नाही. गूळ चवीसाठी खावा, औषध म्हणून खाऊ नये.

एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात चाटवू नका, जन्मघुटीतही नाही. मधात बोट्युलिझमच्या, म्हणजे एका गंभीर विषबाधेच्या, जंतूंची बीजं असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ती वाढतात. हा भाग जुन्या बायांना समजावून सांगावा लागतो, पण सांगाच.

भडगावकर

थोडक्यात, गूय बी साखरच शे भाऊ.

खापर_आणि_चूल

पुरणाबद्दल सविस्तर लिहिते. आखाजीला सगळ्यात जास्त गोड त्यातूनच जातं आणि सगळ्यात जास्त बिघडतंही तेच.

नेहमीचं माप किलोभर हरभरा डाळीला किलोभर गूळ किंवा साखर. मांड्याला, म्हणजे पालथ्या खापरावर भाजलेल्या मोठ्या पातळ पुरणपोळीला, बऱ्याच घरी दोन्ही मिळून घालतात, कारण निव्वळ गुळाचं पुरण हातावर पोळी वाढवताना ओघळतं. माप किलोला ६०० ग्रॅम गुळावर आणलं तरी पोळी गोडच लागते. मात्र तीन गोष्टी पाळाव्या लागतात.

डाळ बोटाने दाबली की पीठ होईल इतकी शिजवा आणि चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा. ते पाणी रशीला, म्हणजे कटाच्या आमटीला, जातं, वाया जात नाही. डाळीत पाणी राहिलं की गूळ त्यात विरघळतो आणि पुरण आटायला दुप्पट वेळ लागतो. तेवढ्या वेळात तळाशी गूळ करपतो आणि सगळ्या पुरणाला कडवट वास लागतो. जाड बुडाचं पातेलं आणि मंद आच. उलथनं मधोमध उभं राहिलं की पुरण झालं. गरम असतानाच वाटा, थंड झाल्यावर डाळीच्या कण्या राहतात आणि त्या पातळ पोळीला भोक पाडतात.

गूळ कमी केला की पुरण गार झाल्यावर कोरडं पडतं, कारण ओल धरून ठेवण्याचं काम गोडच करत असतं. तसं झालं तर डाळीचंच पाणी दोन चमचे शिंपडून मळून घ्या. तूप घालून मऊ करायला गेलात तर मांडा वाढवताना पुरण कणकेपासून सुटतं.

आणखी कमी करायचं असेल तर ४०० ग्रॅम गूळ आणि २०० ग्रॅम खारकेची पूड. खारीक फोडून बी काढायची, दोन दिवस कडक उन्हात ठेवायची, मग मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा. सलग फिरवला तर भांडं तापतं आणि पूड गोळा होऊन बसते. पूड वस्त्रगाळ झालीच पाहिजे, चाळणीची चालणार नाही. जाड कण राहिले की मांडा हातावरच फाटतो. ही पूड पुरणातली ओल ओढून घेते, म्हणून पुरण थोडं सैल असतानाच घाला आणि पाच मिनिटं झाकून ठेवा.

तापीकाठ

ताई, तुमच्या मापावरून आकडा काढला. किलोभर डाळ आणि ६०० ग्रॅम गुळाचं पुरण अडीच किलोच्या आसपास भरतं. मोठ्या मांड्याला २०० ग्रॅमचा गोळा धरला तर १२ मांडे होतात, म्हणजे एका मांड्यात ५० ग्रॅम गूळ. किलोला किलो घातला तर तोच आकडा ७० च्या जवळ जातो. अख्खा मांडा आणि वर गुळवणी घेतली की दिवसाची मर्यादा एका ताटात ओलांडली जाते. मांडा चौघांत वाटून खायची रीत आहे ती राखावी. आमरसात तर साखर घालूच नये. केशर आंबा पुरता पिकू दिला तर त्याला कशाची गरज नसते. गावरान आंबा आंबट निघाला तर त्यात गोड जातीचा रस मिसळा.

नवी_चूल

शेवयांच्या खिरीत गूळ घातला की दूध फाटतं. चहातही कधी फाटतं, कधी नाही. असं का?

खापर_आणि_चूल

गुळात थोडं आम्ल आणि क्षार असतात. दूध उकळतं असलं की त्यामुळे त्यातलं प्रथिन गोळा होतं. गूळ जुना, ओल लागून आंबलेला असेल तर नक्की फाटतं. ताजा असेल तर कधी निभावतं, म्हणून "कधी कधी" होतं.

खिरीला गूळ वेगळा विरघळवा: १०० ग्रॅम गुळाला पाव वाटी पाणी, एक उकळी, मग गाळणं. गाळलंच पाहिजे, तळाशी वाळू आणि उसाची चिपाडं निघतात. हा पाक गार करा. खीर चुलीवरून उतरवून बोट सोसवेल इतकी निवली की पाक बारीक धारेने घाला आणि परत उकळू नका. दुसऱ्या दिवशी तापवायची झाली तर गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून तापवा.

चहाला पाणी, पूड, आलं आणि गूळ एकत्र उकळा, दूध वेगळं तापवा, कपात आधी चहा गाळा आणि वरून दूध घाला. एकत्र उकळी नकोच.

केळीपट्टा

रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा, आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी घरातल्या गोडाला केळं वापरायचं आपल्याला सुचत नाही, याचं वाईट वाटतं. केळ्यात पिकताना पिठूळपणाची साखर होत जाते. हिरव्या केळ्याच्या गरात पाचवा हिस्सा स्टार्च असतो, पूर्ण पिकलेल्यात तो एक-दोन टक्क्यांवर येतो. म्हणून गोडासाठी सालीवर तपकिरी ठिपके आलेलंच केळं घ्या. पिवळंधम्मक पण देठाशी हिरवं असेल तर ते अजून तुरट असतं आणि मग वरून साखर घालावी लागते.

गुलगुले बिनसाखरेचे होतात. २०० ग्रॅम केळ्याचा गर हाताने कुस्करून त्यात २०० ग्रॅम कणीक, अर्धा चमचा बडीशेप, चिमूट मीठ, चिमूट सोडा. पाणी लागेल तसं, पण चार-पाच चमच्यांच्या वर नको. पीठ दहा मिनिटांत वापरा, ठेवलं की काळं पडतं. आच मध्यम ठेवा, केळ्यामुळे रंग पटकन चढतो आणि आत कच्चं राहतं. अप्पेपात्रात केले तर तेलही वाचतं, झाकण ठेवून एक बाजू चार मिनिटं. शिकरणाला तर पिकलेलं केळं आणि दूध एवढंच पुरतं.

वाळवलेली केळी ही वर्षभराची सोय. एप्रिल-मेचं आपलं ऊन त्याला फार चांगलं.

साल सहज सुटेल पण गर घट्ट असेल अशी केळी घ्या. लोखंडी विळीने कापू नका, काप काळे पडतात. स्टीलच्या सुरीने उभे दोन भाग करा. एक लिटर पाण्यात दोन-तीन चमचे लिंबाचा रस घालून त्यात पाच मिनिटं बुडवा आणि निथळा. स्टीलच्या जाळीवर एकमेकांना न चिकटता मांडा, वर मलमल. दिवसातून दोनदा उलटा, संध्याकाळी आत घ्या, नाहीतर रात्रीची ओल परत शोषतात. दोन ते तीन दिवस लागतात. सोलर ड्रायर असेल तर ५५ ते ६० अंश ठेवा. पहिल्याच दिवशी ७० च्या वर नेलं तर वरची कातडी कडक होते, आतली ओल अडकते आणि बरणीत पंधरा दिवसांत बुरशी दिसते.

झालं हे कसं ओळखायचं? काप वाकतो, तुटत नाही, आणि दोन बोटांत दाबला तर ओल येत नाही. सालीसकट सहा-सात किलो केळ्यांचे साधारण एक किलो काप होतात. लगेच साठवू नका. काचेच्या बरणीत आठवडाभर ठेवून रोज हलवा. काचेला आतून दव दिसलं तर परत एक दिवस ऊन द्या. हे काप बारीक चिरून दादर ज्वारीच्या लाह्यांच्या लाडवात, शिऱ्यात, दलियात घाला.

आहार_धुळे

केळीपट्टा दादांच्या माहितीला एक जोड. वाळवलेल्या केळ्यात, खजुरात तंतू राहतात हा मोठा फायदा, पण पाणी गेल्यामुळे गोड दाटतं. खजुराच्या वजनात दोन तृतीयांशाच्या आसपास साखर असते. दोन-तीन खजूर ठीक, वाटीभर नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियम जपावं लागतं, त्यांनी केळं आणि खजूर दोन्ही विचारूनच घ्यावं.

नवी_चूल

खजुराचा गोळा करून ठेवतात तो कसा? आणि साखरेच्या जागी किती घालायचा?

खापर_आणि_चूल

बिया काढलेला २५० ग्रॅम खजूर, २०० मिली गरम पाणी, एक तास. त्याच पाण्यात वाटा. बिया काढताना प्रत्येक खजूर उघडून बघा, आत कधी कधी कीड असते. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. ओला चमचा घातला तर चौथ्या दिवशी आंबट वास येतो.

एक वाटी साखरेच्या जागी एक वाटी गोळा, आणि पदार्थातलं दूध-पाणी पाव वाटीने कमी. शिरा, खीर, लापशी, केक यांना जमतो. चिक्की, जिलबी यांना जमत नाही, तिथे साखरेचा किंवा गुळाचा पाक हाच पदार्थाचा आधार आहे. गाळून तंतू काढून टाकलात तर हातात पाकच उरतो आणि तो परत मोकळ्या साखरेत मोजावा लागतो.

अक्राणी

सातपुड्यातली दोन गोडं राहिली.

मोहाची फुलं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. झाडाखाली जाळी किंवा धुतलेलं कापड अंथरून वेचलेली फुलंच खायला घ्या. जमिनीवरून वेचलेल्यात माती जाते आणि ती कितीही धुतली तरी दाताखाली येते. फुलातले केसर काढून टाका, ते कडसर लागतात. चार-पाच किलो ओल्या फुलांची एक किलोच्या आसपास वाळलेली फुलं होतात. नीट वाळलेलं फूल मनुक्यासारखं लवचीक आणि तांबूस असतं. काळं, चिकट आणि आंबूस वासाचं असेल तर ते आंबायला लागलेलं आहे, घेऊ नका.

लाडवाला २५० ग्रॅम वाळलेली फुलं पटकन दोनदा धुऊन फडक्यावर कोरडी करा, लोखंडी तव्यावर मंद आचेवर फुगेपर्यंत भाजा, मग २०० ग्रॅम भाजलेले तीळ आणि १०० ग्रॅम शेंगदाणे घालून कुटा. मिक्सरपेक्षा उखळात बरे होतात. तिळाचं तेल सुटलं की बिनगुळाचे वळतात. वळत नसतील तर भाजणी कमी पडली आहे, तूप ओतू नका, परत तव्यावर घ्या. हे लाडू गोड जास्तच असतात, सुपारीएवढेच वळा.

पाक करायचा असेल तर तीन-चार तासच भिजवा. आपल्या उन्हाळ्यात रात्रभर भिजवलं की सकाळी फेस आलेला असतो. गाळलेला पाक मात्र वर खापर ताईंनी सांगितलं त्याच हिशोबात मोजायचा.

मधाबद्दल. पाण्यात थेंब टाकून बघणं, काडी पेटवून बघणं या परीक्षा विश्वासाच्या नाहीत. दाट साखरेचा पाकही तळाशी जातो, आणि जंगली मधात ओल जास्त असली तर अस्सल असूनही काडी तडतडते. खरी खात्री प्रयोगशाळेतच होते. थंडीत मध गोठला, दाणेदार झाला तर तो भेसळीचा असं समजू नका. त्यात ग्लुकोज जास्त असलं की असं होतं. बरणी ४०-४५ अंशाच्या पाण्यात ठेवली की परत पातळ होतो. आग्या माशीचं पोळं पिळून काढलेल्या मधात अळ्या, पराग आणि ओल राहते. २० टक्क्यांच्या वर ओल असली की तो आंबतो, झाकण उघडताना फसफसतो. धूर देऊन फक्त मधाचा भाग कापून, निथळून काढलेला घ्या. किंमत थोडी जास्त पडते, पण पोळं वाचतं आणि पुढच्या वर्षी परत मिळतं.

भडगावकर

बाजारात गूळ निवडायचा कसा? पिवळाजर्द आणि काळा यांत फरक काय?

तापीकाठ

रस स्वच्छ करायला गुऱ्हाळात भेंडीचं पाणी आणि चुना वापरतात, ती जुनी रीत. पिवळाजर्द रंग मात्र बऱ्याचदा हायड्रोसने, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटने आणलेला असतो. असा गूळ काही महिन्यांत परत काळपट पडतो आणि कधी गंधकाचा वास देतो. फार काळा गूळही आपोआप चांगला ठरत नाही, तो करपलेला किंवा जुना असू शकतो. मध्यम तपकिरी, फोडला की आतून दाणेदार, जिभेवर खारट न लागणारा घ्या. खारटपणा क्षारपड जमिनीतल्या उसाचा किंवा जुनाटपणाचा असतो. पेलाभर पाण्यात सुपारीएवढा खडा विरघळवून तासभर ठेवा. तळाशी पांढरी भुकटी बसली तर खडूची पूड असण्याची शंका घ्या.

काकवी १०५ अंशाच्या आसपास उतरवतात, ढेपेचा गूळ ११८ च्या आसपास. काकवी साखरेसारखी बसू लागली तर आटवणी जास्त झाली आहे, पण खायला चालते. काकवीला मळी समजू नका. मळी साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर उरते.

नवी_चूल

स्टेव्हियाचं कोणी सांगेल का?

आहार_धुळे

शुद्ध अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतो. कॅलरी नाही, पण वजनही नाही, म्हणून त्याचा पाक होत नाही, लाडू वळत नाही. मागे ज्येष्ठमधासारखी कडसर चव राहते आणि जास्त घातला की ती वाढते. पुडी घेताना घटक वाचा, बऱ्याच पुड्यांत माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज भरलेलं असतं, आणि त्यानेही रक्तातली साखर चढते. मधुमेहाच्या माणसाला चहापुरता उपयोग आहे. बाकीच्यांसाठी सांगायचं तर मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेविना गोड करणारे पदार्थ वापरू नयेत अशी शिफारस केली, आणि त्यात स्टेव्हियाही आहे.

त्यापेक्षा चहाची साखर पायरीने उतरवा. दोन चमच्यांवरून दीड, पंधरा दिवस थांबा, मग एक. जीभ दोन आठवड्यांत सरावते. एकदम शून्यावर आणलं तर चौथ्या दिवशी घरातले परत डबा उघडतात.

केळीपट्टा

शेतात न्यायचं सरबत: एक लिटर पाणी, ४० ग्रॅम गूळ, दोन लिंबं, अर्धा चमचा मीठ, भाजलेलं जिरं. पेल्याला १० ग्रॅम गूळ पडतो. उसाच्या रसाच्या पेल्यात त्याच्या तिप्पट साखर सहज असते. लिंबू प्यायच्या वेळी पिळा, सकाळी पिळून ठेवलं की दुपारी कडवट होतं. ॲल्युमिनियमच्या किटलीत ठेवू नका, मडकं किंवा स्टील.

खापर_आणि_चूल

पावसाळ्याआधी गुळाची ढेप फोडून तुकडे करा, सुती फडक्यात गुंडाळून कोरड्या स्टीलच्या डब्यात घट्ट ठेवा, डबा जमिनीला टेकू देऊ नका. मृगाची हवा लागली की गूळ पाझरतो, आणि पाझरलेला गूळ खिरीला वापरू नका, तो दूध फाडतो. पुरणाला, सरबताला, आमटीला चालतो. बुरशी दिसली तर वरवर खरवडून खाऊ नका, तो तुकडाच टाका.